कालव्यामागच्या गल्लीची उंची

अप्पा, आज स्वयंपाकघरात तांब्या लवंडला आणि पाणी थेट वाटणाच्या दगडी रगड्याजवळच्या कोपऱ्यात गेलं. तुम्हीच एकदा याच जमिनीवर मुद्दाम ओतलं होतं. माझ्या कॉलेजच्या सुट्टीत पापनाशमच्या कालव्यावर तुम्ही मोजणीच्या दुर्बिणीतून जमिनीच्या उंच्या वाचत होता आणि मी वहीत लिहीत होतो. जेवायची वेळ झाली म्हणून दोन बोटांचा फरक मी सोडून दिला. घरी तुम्ही वही पाहिलीत, रसमभाताचं ताट बाजूला सारलंत आणि पेला जमिनीवर ओतलात. "सपाट दिसते ना? बघ आता कुठे जातंय." आई ओरडली, "आत्ताच पुसलंय हो मी!" तुम्ही माझ्याकडेच बघत होता. "पोडा, जा रे! दोन बोटं म्हणजे किती, ते पाण्याला विचार." दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुन्हा पापनाशम.

आता त्याच मुलखाचे नकाशे मी संगणकात भरतो. जमिनीच्या चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीला उंचीचा एक आकडा. तुमच्या वह्यांतले आकडेही त्यात गेले. पुरात कुठली गल्ली आधी रिकामी करायची, ते या नकाशावरून ठरतं. पण गावोगावच्या कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये तो मावेना. शेजारशेजारचे आकडे एकसारखे झाले की फाइल आक्रसते, म्हणून मी उंच्या पूर्ण मीटरांत आणल्या. मन कचरत होतं. साहेब म्हणाले, "अहो, हे तंजावूर, कोडैकानल नव्हे. कुठला डोंगर हरवणार आहे?" मीही हसलो. कालव्यामागची एक गल्ली रस्त्यापेक्षा हातभर खोल आहे. नकाशात दोन्हींचा आकडा एकच झाला.

मागच्या पावसात त्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी बुडाली. मी गेलो तेव्हा भिंतीवरची पाण्याची रेघ खाटेच्या वर होती. तिचा मुलगा तमिळमध्ये एवढंच म्हणाला, "फोन केला होता, सार. ते म्हणाले, नकाशात तुमची गल्ली कोरडी आहे."

काल चौकशीत मला विचारलं, ही उंची चुकली कशी. तुमची ती कालव्याची वही तुम्ही गेल्यापासून आमच्या देवघरात आहे, रोज दिवा लावताना समोर दिसते. तिच्यात त्या गल्लीचा आकडा बिनचूक आहे. मी म्हणालो, "जुन्या मोजणीतच चूक असावी." त्यांनी तसंच लिहून घेतलं. वही कुणी मागितली नाही.

काल संध्याकाळी दिवा मी लावला नाही, बायकोला लावायला सांगितला. हे पत्र त्या वहीत ठेवायचं मनात होतं. पण मग ती उघडावी लागेल.