कॉम्प्रेसरचा तिसरा पाय

१० ऑगस्ट २००४, मंगळवार
रोजनिशी सुरू. मोठी माणसं लिहितात.
अंबरनाथला आमच्या कंपनीत फ्रिजचे कॉम्प्रेसर तपासायला पुण्याहून विक्रांत सर आलेत. कॉम्प्रेसरच्या चार पायांखाली चार सेन्सर. कुठला पाय किती धक्का मारतो ते म्हणे कॉम्प्युटर सांगणार. मी वरून हात ठेवला नि सांगून टाकलं, तिसरा पाय. कॉम्प्युटरला अर्धा तास लागला. उत्तर तेच. मी आठवी नापास.

११ ऑगस्ट
संकल्प : गुटखा बंद. सरांचा अपमान करायचा नाही.
शनिवारी डेमो. त्यानंतर सुपरवायझर शंकरराव एकालाच परमनंट करणार. मी किंवा आयटीआयवाला अक्षय. म्हणजे मीच. गावी फोन करून आईला सांगून टाकलं, झालो परमनंट. शीलाचे वडील आमच्या लग्नाला त्यावरच अडून बसलेत.

१२ ऑगस्ट
तिसऱ्या पायाखाली चपलेचं रबर घातलं. वर हात ठेवला. धक्का निम्मा! सर स्क्रीनकडे तोंड करून ओरडले, व्हेरी गुड. अक्षय म्हणाला, जरा हात काढून दाखव की. जळतो साला. नाडी बघताना वैद्य हात काढतो का?
गुटखा एकच. डोकं चालायला लागतो.

१३ ऑगस्ट
बुवापाड्याच्या खोलीवर माझ्यासोबत राहणाऱ्या सुदामची बोंब, माझी चप्पल अर्धी कोणी कापली? शोध लावणाऱ्याला असल्या कटकटी असतातच. गुटखा तीन.

१४ ऑगस्ट, शनिवार
डेमो. मोठे साहेब म्हणाले, सगळ्यांनी पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभं राहा. मीही राहिलो. कॉम्प्रेसर असा थडथडला की रबर उडून साहेबांच्या बुटावर. मग सरांनी मला पुढे बोलावलं. हात ठेव म्हणाले. धक्का निम्मा. काढ. पुन्हा पहिल्याएवढा. तीनदा करायला लावलं.
शंकररावांनी विचारलं, आता प्रत्येक फ्रिजबरोबर गिऱ्हाइकाला हा पण पाठवायचा का?
साहेबसुद्धा हसले. म्हणजे चेहरा लक्षात राहिला असणार.

१६ ऑगस्ट, सोमवार
अक्षय परमनंट. मला पॅकिंगला टाकलं. तिथे मशीनच नाही. माझ्या हाताला घाबरले.
आईचा फोन. तिने गावभर पेढे वाटलेत. शीलाचे वडील रविवारी कंपनी बघायला येताहेत. चांगलं दिसावं म्हणून सुदामकडे चप्पल मागितली.
त्याने तीच अर्धी दिली.