पाठकोऱ्या कागदांचा घोळ

लखनौ, १२ फेब्रुवारी १९७६

तीर्थरूप सौ. शैलाताईस अरुणाचा साष्टांग नमस्कार. (आणीबाणीत पत्रं फोडतात म्हणे, तेव्हा मधल्या मधे वाचणाऱ्या सद्गृहस्थांनाही नमस्कार. आम्ही सरकारच्याच बाजूचे आहोत.) भाऊजींचा दमा कसा आहे? माझी छाती मात्र चार दिवस नुसती धडधडते आहे.

तुला माहीतच आहे, तीन वर्षं मी सुचित्रादेवींचं चरित्र हिंदीत लिहिते आहे. बाईंचं वय ऐंशी, बेचाळीसच्या चळवळीत चौदा महिने तुरुंगात होत्या, आणि आज गल्लीतसुद्धा त्यांना कुणी ओळखत नाही. कागद मिळेना (शिवाय आमदाराच्या घरात जुन्या भाषणांना तोटा नाही), म्हणून मी ह्यांच्या भाषणांचे पाठकोरे कागद वापरले. तिथेच माती खाल्ली. रविवारी मंत्रीजींचा सत्कार होता. ह्यांनी घाईघाईत माझ्या टेबलावरचा गठ्ठा भाषण म्हणून उचलला आणि व्यासपीठावर नेमकी माझी बाजू वाचायला घेतली. (हे वाचताना अर्थाकडे लक्ष देत नाहीत, दहा वर्षांची सवय.) मंत्रीजी बेचाळीस साली सुचित्रादेवींच्या कोठीघरात अकरा दिवस लपले, आंब्याच्या लोणच्याची बरणी संपवली आणि पोलीस आल्यावर बाईच पुढे होऊन पकडल्या गेल्या, हे सगळं ह्यांनी मूठ उगारून खणखणीत आवाजात वाचलं. टाळ्यासुद्धा घेतल्या! मंत्रीजींच्या गळ्यातले हार तेवढे हलायचे थांबले.

तेव्हापासून आमचा फोन मुका आहे. फाटकाशी जीप थांबली की हे न्हाणीघरात आणि मी देवघरात. (कालची शेजारच्या डॉक्टरांची निघाली.) मला खरंच भीती वाटते गं, ताई. ह्यांचं तिकीट गेलं तर गेलं, पण माणूसच उचलून नेला तर विचारायचं कुणाला? सुचित्रादेवींकडे माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "बेटी, चौंतीस साल में पहली बार किसी ने माइक पर मेरा नाम लिया." मला रडूच आलं. घरी परतले तर हे म्हणाले, "सब जला दिया." तीन वर्षांचं काम! आणि मी भांडलेसुद्धा नाही, इतकी घाबरले आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अरुणा

ता.क. खरं काम पुढेच आहे. तू अत्यवस्थ आहेस अशी तार कर. मी एकटीच येईन आणि तुझ्याकडे बसून सगळं आठवून पुन्हा लिहीन.

ता.क. २. पाकीट चिकटवण्याआधी थंडी वाजली, म्हणून ह्यांनी तुरुंगासाठी बांधून ठेवलेला होल्डॉल सोडला, लोकरी बंडी काढायला. कुडत्यांच्या घड्यांत माझे सगळे कागद निघाले, क्रमवार लावून सुतळीनं बांधलेले. तारेत "दोघंही या" असं लिही.