एकाच जीपनं येणाऱ्या दोघी

१२ ऑगस्ट, मंगळवार

'कमवा आणि शिका'मधून ग्रंथालयात संध्याकाळी पाच वाजेपर्यंतच्या कामाला एकच मुलगी घ्यायची होती. अक्षर बघून मी रोहिणीला घेतलं, सुनंदाला नाही. दोघी धनजच्या, एकाच जीपनं येतात. माहीत होतं की मला!

आज रोहिणीनं कपाटाची किल्ली परत आणून दिली. "मॅडम, सुनंदा दुपारीच घरी जाते. संध्याकाळच्या जीपनं एकटीले येऊ देत नाही घरचे."

जीपचा विचार मी का केला नाही? सुनंदानं तर केला होता. मुलाखतीतच म्हणाली होती, "तिले घ्या मॅडम, मी पाच वाजेलोक अशीच बसून राहीन."

आणि मी काय म्हटलं? काम नसेल त्यानं इथं बसायचं नाही.

ग्रंथालयात बसायचं नाही. मी म्हटलं हे. ग्रंथपालानं.