डोमाजीमामांनी रंगवलेला पुरावा

नागपूर, ता. ९ फेब्रुवारी २००८

आदरणीय डोमाजीमामा यांस,

प्रफुल्लचा सविनय जयभीम. आपली कंबर कशी आहे, पंचफुलामामीचा खोकला थांबला का, मारेगावच्या दुकानातलं वेल्डिंग मशीन नीट चालतंय ना, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. प्रत्यक्षात मी इतका संतापलोय की काल कोर्टातून आल्यापासून घरात कोणी माझ्या वाटेला गेलेलं नाही.

तुमचा वकील म्हणून तुम्हाला तीनदा समजावलं होतं. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली पऱ्हाटी उपटायचा जो चिमटा तुम्ही वर्षानुवर्षं बनवत आलात, त्याच्या पेटंटसाठी पुण्याच्या एका कंपनीने २००४ साली अर्ज केला, ते मिळवलं, आणि आता तुम्हीच त्यांची नक्कल करता म्हणून तुमच्यावर दावा लावला. (नक्कल म्हणे. त्यांच्या साहेबाने पऱ्हाटी पाहिली असेल ती चित्रात.) आपण हरलो तर तुम्हाला चिमटा बनवता येणार नाही, आणि कापसाने आधीच मोडलेली माणसं वाकून वाकून हाताने पऱ्हाटी उपटत बसतील. यातून सुटायचा रस्ता एकच : अर्जाच्या आधीचा, तुमच्या हातचा एक चिमटा कोर्टापुढे ठेवायचा. जसा आहे तसा, गंजासकट.

तुमच्या जुन्या गिऱ्हाईक वच्छलाबाईंच्या गोठ्यात सत्त्याण्णव सालचा सापडला, आणि तुम्ही काय केलंत? दांडा बदललात, दात घासलेत आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नेऊन त्याला निळं पावडर कोटिंग करून आणलंत. मी पोतं उघडलं ते थेट न्यायाधीशांसमोर. (आधी उघडायला हवं होतं, मान्य. पण सुतळीच्या एवढ्या गाठी कोण मारतं?) आतून नवरदेव निघाला. कंपनीचा वकील गोड हसून म्हणाला, हा तर आमच्यापेक्षा नवा दिसतो. न्यायाधीशांनी विचारलं तर तुम्ही छाती काढून सांगितलंत, "साहेब, कोर्टात गंजलेलं कायले आनू? साजरं दिसलं पाह्यजे." ते कंपनीच्या वकिलाने लगेच लिहून घेतलं.

मी मोबाइलच्या चिपवरून लढलोय, पंपाच्या व्हॉल्व्हवरून लढलोय. मोठमोठ्या कंपन्यांना पैसे ओतून जो पुरावा नाहीसा करता आला नाही, तो तुम्ही मायेने, स्वतः एसटीने ये-जा करून नाहीसा केलात. तुम्हाला धड ओरडताही येत नाही, याचाच जास्त राग येतो.

पुढची तारीख सव्वीसला आहे. तोवर कशालाही रंग देऊ नका.

आपला भाचा,
प्रफुल्ल

ता. क. : माझ्या लग्नात तुम्ही आहेरात एक चिमटा दिला होता. भांड्यावर घालतात तसं दांड्यावर नाव घालून : 'चि. प्रफुल्ल यास डोमाजीमामाकडून, ता. १६-५-९९.' म्हणजे अर्जाच्या पाच वर्षं आधी. तो माझ्याकडे नाही. सासरच्या मंडळींसमोर लाज वाटली, म्हणून तुमच्याच दुकानामागच्या खोलीत पोत्यांखाली ठेवून आलो होतो. असेल तर पाठवा. पुसू नका, तेलाचा हातसुद्धा लावू नका.

ता. क. २ : आहेर माझा, म्हणून साक्षही मलाच द्यावी लागेल, आणि त्यासाठी वकीलपत्र सोडावं लागेल. समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल, नऊ वर्षं हा पोत्यांखाली का होता. शपथेवर खोटं बोलता येणार नाही. तेवढ्या वेळात तुम्ही बाहेर चहा घ्यायला गेलात तर बरं होईल, मामा.