आप्पांचं वायफाय

कोरेगाव, लॉजची खोली

आप्पा,

हे पाठवायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. "घरात नेट नाही, काम कसं करू?" असं दोन वर्षं तुम्हाला सांगतेय. लॅपटॉप आणि डोंगल घेऊन गावोगावचे लॉज हिंडते, पण कुपवाडला येत नाही. आई नसलेलं स्वयंपाकघर मला बघवत नाही.

काल आले होते. घरासमोरच्या बसथांब्यावर मीटिंगसाठी लॅपटॉप उघडला. डोंगलला रेंज नव्हती, पण स्क्रीनवर एक नवीन नाव उमटलं: 'चंदना घरी ये'. वायफाय घेतलंत आणि बोललाही नाहीत! पासवर्डसुद्धा नाही. दाराला दोन-दोन कड्या लावणारे तुम्ही, आणि हे उघडं ठेवलंत?

तुमच्याच नेटवर मी मीटिंग उरकली. खिडकीत तुम्ही दिसत होता, दिवस मावळायच्या आत एकटेच जेवताना. हात धुऊन तुम्ही मला फोन लावलात.

"जेवलीस का गं? दिवस बुडायला आलाय."

"साताऱ्यात आहे आप्पा. जेवते आता."

"बरं. आज आवाज लय जवळनं येतोय बघ."

मग तुम्ही खिडकीशी आलात. मी पाठ फिरवून बसले.

तुमची
चंदना