पांढरी झाडं आणि आंधळं गाव

३ मे

कॅमेरा पेनांगहून ऑपरेशन होऊन परत आला. दुकानदाराने सेन्सरवरची काच काढून दुसरी बसवली. आता ह्या कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्यांना दिसतो तो उजेड दिसत नाही, फक्त इन्फ्रारेड दिसतो. हिरवी झाडं पांढरी येतात, निळं आकाश काळं येतं.

समोर दिसतं त्याचा फोटो गाढवही काढेल. आमचं अख्खं ताइपिंग गाव तेच करतं.

संकल्प: आजपासून साधा फोटो काढायचा नाही. (आता काढताही येणार नाही. हे बायकोला, कलसोमला, अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ आली की सांगेन.)

४ मे

पाऊस. इन्फ्रारेडला कडक ऊन लागतं.

५ मे

पाऊस. ह्या गावात तीस वर्षं भूगोल शिकवला. इथे एवढा पाऊस का पडतो ते मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो. तेव्हा त्याचा इतका राग येत नव्हता.

७ मे, सकाळी

ऊन! तळ्यावर धावलो. रस्त्यावरून पाण्यापर्यंत वाकलेली ती जुनी प्रचंड झाडं. त्यांच्याखाली जॉगिंग करणारे अडाणी लोक. आपण कशाखालून धावतोय ह्याचा कुणाला पत्ता नाही.

फोटो कॉम्प्युटरवर उघडले. सगळं लालभडक. हे असंच येतं, मग एडिटिंग करायचं असतं. कलसोम नवऱ्याला, म्हणजे मला, अबांग म्हणते. मागून डोकावली आणि म्हणाली, "अबांग, ह्यावर मिरचीचं सांबल सांडलं का हो?" तीस वर्षांच्या संसारात कलेवर तिने केलेलं हे सगळ्यात लांब भाष्य.

१० मे

एडिटिंग शिकलो. गवतावरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, मग लाल आणि निळा चॅनल अदलाबदल करायचा. पोलंडचा कुणी पोरगा व्हिडिओत शिकवतो. त्याला येतं थोडंफार. मी त्याला मागे टाकलं.

प्रत्येक फोटोच्या मधोमध एक फिकट गोल चकाकी येतेय. फोटो क्लबचे अध्यक्ष, जे धंद्याने दातांचे डॉक्टर आहेत, म्हणाले, "चिकगू, हा तुमच्या लेन्सचा दोष आहे. ही लेन्स इन्फ्रारेडला चालत नाही." निवृत्त झालो तरी गावात मला सगळे चिकगू, म्हणजे मास्तरच, म्हणतात. पण मास्तरचं ऐकत कुणी नाही. दोष! आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्या माणसाला तेजोवलय काय कळणार. ती चकाकी माझी सही आहे.

१२ मे

कलसोमने आज विषय काढला. तिच्या मावशीचं तळ्याजवळचं लाकडी घर तिला मिळालंय. तिने ते झाडूनपुसून, रंगवून, तीन खोल्यांचं होमस्टे केलंय. नर्सची नोकरी संपल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. शाळेच्या सुट्ट्या महिनाअखेरीला लागतात, त्याआधी वेबसाइट चालू करायची आहे. आमची मुलगी सुराया क्वालालंपूरला बसून साइट बनवून देणार. फोटो हवेत.

शेजारचा होक सेंग म्हणाला, "मी काढतो की, माझ्या फोनवर." हा माणूस रोज सकाळी सगळ्या गल्लीला ऑर्किडचा फोटो आणि 'शुभ प्रभात' पाठवतो. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं.

फोटो मी काढणार. कलसोम म्हणाली, "साधे काढा हं. घर कसं आहे ते लोकांना कळू दे." आणि मग हळूच, "ह्या सुट्टीत खोल्या भरल्या नाहीत, तर जागा टायरवाल्याला गोडाउनला देऊन टाकू. तो विचारतोच आहे." उगाच घाबरते. माझे फोटो बघून लोकांचे डोळे पांढरे होतील.

१४ मे

घराचे फोटो काढले. उत्कृष्ट. बाग हिमालयासारखी आली आहे. आकाश डांबरासारखं काळं, त्याच्यापुढे घर भूतकाळातून उगवल्यासारखं. चकाकी बरोबर पुढच्या दारावर आली. देवाचीच योजना.

१६ मे

सुरायाला फोटो पाठवले. तिचा फोन: "अबाह, एकेक फोटो केवढा आहे! पान उघडायला लोकांना चहा करून पिऊन यावं लागेल. वेबसाठी लहान करून पाठवा ना." मी सांगितलं, ज्याला घाई आहे त्याने आमच्याकडे राहायला येऊ नये. ती म्हणाली, "मग कुणीच येणार नाही." पोरीला शिकवून चूक झाली.

१७ मे

लहान केले. माझ्या पद्धतीने. सुराया म्हणते आता फार लहान झाले, पोस्टाच्या तिकिटाएवढं घर दिसतं आणि दारापुढच्या लाकडी पायऱ्या चौकडीच्या लुंगीसारख्या दिसतात. शिवाय माझ्या कॉम्प्युटरवर पांढऱ्यावर सोनेरी झाक असलेलं गवत तिच्या फोनवर चिखलाच्या रंगाचं. वेबसाठी निराळं कलर प्रोफाइल द्यावं लागतं म्हणे. म्हणजे दोष कुणाचा? जगातल्या सगळ्या फोनचा.

तरी पुन्हा केले. हल्ली चोरी फार होते, म्हणून प्रत्येक फोटोवर माझं पूर्ण नाव आडवं टाकलं. नावाखालून घराचा बराचसा भाग दिसतो.

२० मे

साइट चालू. पहिल्या पानावर मालकीण हवी म्हणून कलसोमचा पोर्ट्रेट टाकला. इन्फ्रारेडमध्ये कातडी संगमरवरी येते, सुरकुत्या जातात. हेच मोठ्या शहरांतल्या बायका पैसे मोजून करवून घेतात. डोळे जरा खोल, काळे आले. तिने ठेवणीतला काळा स्कार्फ बांधला होता, तो कापडातल्या रंगामुळे पांढराफटक आला. मला वाटतं, जास्त शोभतो.

२१ मे

क्वाला कांग्सारहून मेहुणीचा फोन. रडत होती. साइट बघितली आणि तिने आधी दुवा पढली, मग फोन केला. "कधी गेली गं माझी ताई? मला कुणी कळवलंसुद्धा नाही!" फोन कलसोमनेच उचलला होता. तिकडे किंकाळी. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला चेहरा पाहून तिला वाटलं, मयताचा फोटो आहे.

कलसोमने पोर्ट्रेट काढायला लावला. ह्या कुटुंबात प्रतीक, सूचकता वगैरे काही शिल्लक नाही.

२४ मे

चौकशीचे फोन येताहेत. एकाने विचारलं, घर कधी जळलं. एकाने विचारलं, आत्मे दिसण्याची गॅरंटी आहे का. एका बाईने विचारलं, मुलांसाठी स्वेटर आणू का. मी सगळ्यांना इन्फ्रारेडचं तत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी फोन ठेवले.

होक सेंग कुंपणावरून म्हणाला, "चिकगू, तुमच्याकडे बर्फ पडला तर थोडा माझ्या कॉफीत टाका." आणि स्वतःच हसला. दात पिवळे. इन्फ्रारेडमध्ये काढले तर पांढरे येतील, पण मी काढणार नाही.

बुकिंग एकही नाही. आज टायरवाला टेप घेऊन आला होता. कलसोमने त्याला चहा दिला. आत मापं घेत होता तेव्हा ती अंगणात जाऊन उभी राहिली.

२६ मे

सर्वसामान्य माणसाच्या पातळीवर उतरायचं ठरवलं. काळं-पांढरं त्यांना झेपत नाही. चॅनल पुन्हा फिरवले, आकाश निळं केलं, झाडं गुलाबी. अगदी मऊ, पावडरीसारखी गुलाबी. दहा मिनिटांचं काम. स्वस्त कला आहे, पण गिऱ्हाइकाला हेच लागतं.

२८ मे

बुकिंग! तिन्ही खोल्या! जोहोरच्या कुणी पुआन साल्बिया, म्हणजे साल्बियाबाई, त्यांची मुलं, सुना, नातवंडं सगळे येणार. फोनवर म्हणाल्या, "असलं काही मलेशियात आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं हो!" मी नम्रपणे म्हणालो, बहुतेकांना दिसत नाही.

कलसोमने टायरवाल्याला थांबायला सांगितलं. संध्याकाळभर गुणगुणत पडद्यांना इस्त्री करत होती. मी काहीही बोललो नाही. मोठ्या माणसाने बोलून दाखवू नये.

३१ मे, दुपारी

लोक मूर्ख आहेत हे मला माहीत होतं. किती, ते आज कळलं.

जोहोरची मंडळी दोन गाड्यांतून उतरली. सगळ्यांच्या अंगावर गुलाबी. पुआन साल्बियांपासून कडेवरच्या तान्ह्यापर्यंत एकाच ताग्यातले गुलाबी कपडे, मुद्दाम शिवून घेतलेले. बाई अंगणात उभ्या राहिल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, आधी फुलं बघू. कुठे आहेत?"

मी विचारलं, कसली फुलं.

"गुलाबी झाडं! जपानसारखी! तुमच्या साइटवर आहेत ती!"

मी समजावून सांगायला लागलो. पानं सूर्याचा अदृश्य उजेड परत फेकतात, कॅमेरा तो पकडतो, मग लाल आणि निळा चॅनल... त्यांनी मधेच तोडलं. "मास्तर, झाडं गुलाबी आहेत की नाहीत?" मी म्हणालो, तुम्ही ज्या अर्थाने विचारताय त्या अर्थाने नाहीत. "मग कुठल्या अर्थाने आहेत?" त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "आई, फसवलं आपल्याला. चल गाडीत." धाकट्या नातीने भोकाड पसरलं. तेवढ्यात पाऊस आला.

कलसोम पावसात धावत आली. मी बोलतच होतो, तिने मला हाताने बाजूला केलं. दाराशी असलेल्या स्टुलाला करावं तसं. पुआन साल्बियांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आक्का, चूक आमची. पैसे सगळे परत देते. पण पोरं भिजलीत, उपाशी आहेत. जेवून तर जा."

गिऱ्हाइकापुढे असं लोटांगण घालायचं नसतं. किंमत राहत नाही.

१ जून

ते गेले नाहीत. काल नासी लमाक खाल्लं, वर केळ्याची भजी खाल्ली, आणि मग सुनांना झोप आली. आज सकाळी सगळे तळ्यावर गेले. हिरव्या झाडांखाली गुलाबी माणसं. लांबून बघितलं. रंगसंगती वाईट नव्हती, पण योगायोगाने साधलेल्या गोष्टीला कला म्हणत नाहीत.

कलसोम माझ्याशी बोलत नव्हती. मीच तिला म्हटलं, कॅमेऱ्यात आता साधा फोटो येतच नाही, नाहीतर ह्यांचा एक काढून दिला असता. योग्य वेळ वाटली म्हणून सांगितलं.

ती कांदा चिरत होती. थांबली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "अबांग, इतके फोटो काढलेत. त्यात माझं घर कुठे आहे?"

मी म्हणालो, सगळ्यांत घरच आहे.

"खिडक्यांचा हिरवा मला मावशीच्या वेळचा हवा होता. तीनदा रंग बदलला, तीनदा पुसला, तेव्हा मिळाला. उन्हात शिडीवर चढून मी स्वतः लावला. तुमच्या फोटोत खिडक्या पांढऱ्या. फुलं पांढरी. मी पांढरी. तुम्ही एकदा तरी बघितलं का हो, नुसतं?"

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतंच. त्याचा अर्थ लावत बसू नये.

२ जून

काही काम नव्हतं म्हणून मावशीच्या घराकडे चक्कर मारली. कॅमेरा नेला नाही. पुन्हा पाऊस होता.

खिडक्या हिरव्या आहेत. केळीच्या कोवळ्या पानासारखा हिरवा, आत थोडा निळसर. बराच वेळ उभा राहिलो. कलसोमने आतून पाहिलं, छत्री दारात ठेवून गेली.

बरा हिरवा आहे. विशेष काही नाही.

३ जून

जोहोरची मंडळी गेली. पुआन साल्बिया आणि कलसोम एकमेकींच्या गळ्यात पडल्या, जशा काही सख्ख्या बहिणी. पैसे परत घ्यायला बाई तयार होईनात, शेवटी कलसोमने त्यांच्या गाडीत भज्यांचा डबा सरकवला. जाताना बाई मला म्हणाल्या, "मास्तर, बायको फार चांगली मिळाली तुम्हाला. देव कुणाला काय देईल!" ह्या वाक्याचा शेवट मला खटकला.

८ जून

साइटचा पासवर्ड बदलला आहे. मला विचारलं नाही. सुरायाला फोन केला तर म्हणाली, "अबाह, आई म्हणाली तसं केलं." माझे सगळे फोटो उतरवले. त्या जागी साल्बियाबाईंच्या सुनेने फोनवर काढलेले टाकले आहेत. क्षितिज तिरकं. एकात कोपऱ्यात बोट आलंय. एकात वाळत घातलेली चड्डी. घर हिरवं, झाडं हिरवी, आकाश पावसाळी, कलसोम पातेल्यापुढे हसतेय आणि तिच्या सगळ्या सुरकुत्या दिसताहेत.

लोकांना हे आवडणार नाही. आवडलं तर त्यांची लायकी तीच.

१२ जून

सुट्टी संपेपर्यंत तिन्ही खोल्या भरल्या. टायरवाला दुसरीकडे जागा बघतोय. होक सेंगने कलसोमला ऑर्किडची कुंडी आणून दिली. मी ह्या सगळ्याकडे दुर्लक्ष करण्याचा निर्णय घेतला आहे.

१५ जून, संध्याकाळी

आज इपोहहून एक कुटुंब राहायला आलं. मी होमस्टेच्या ओसरीत बसलो होतो. पोरं गाडीतून उतरताच माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "तेच! तेच आहेत!" बाप लाजत लाजत पुढे आला. "सर, तुमच्याबरोबर एक फोटो काढू का?"

शेवटी. कुठेतरी, कुणीतरी ओळखलं. मी विचारलं, माझं कुठलं काम पाहिलंत? तळ्याचं? काळ्या आकाशाचं?

तो गोंधळला. त्याने फोन पुढे केला. कलसोमची साइट. पहिल्याच पानावर, पातेल्याच्या फोटोखाली, मी पाहिलं तेव्हा नव्हता असा एक फोटो: मी. ह्याच ओसरीत, ह्याच खुर्चीत, दुपारचा गाढ झोपलेला. तोंड उघडं, पोटावर कॅमेरा, कॅमेऱ्यावर मांजर. खाली कलसोमने लिहवून घेतलंय: 'मालकिणीचे यजमान. स्वभावाने गरीब. त्रास देत नाहीत.'

बाप म्हणाला, "हा फोटो बघूनच आम्ही बुक केलं. पोरं म्हणाली, जिथे माणूस इतका निवांत झोपतो तिथेच जायचं."

मुलांच्या आग्रहाखातर खुर्चीत बसलो, डोळे मिटले, तोंड उघडलं. मांजर मिळालं नाही, म्हणून त्यांनी एक उशी ठेवली. कलसोम दारात उभी राहून तोंडाला स्कार्फ लावून हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

रात्री जेवताना साइटवरचा तो फोटो पुन्हा नीट बघितला. उजेड सपाट आहे, चौकट ढिसाळ आहे, रंगांचा पत्ता नाही. तांत्रिकदृष्ट्या अत्यंत सुमार काम.

पण विषय दमदार आहे.