विहिरीचं पान

वालचंदनगर,
दि. ९ ऑक्टोबर १९९८

प्रिय दिशा,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे मजेत. मी इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. पोरं चांगली आहेत, दिवस छान जातो. डाळजला काका-काकू कसे आहेत? तू शाळेत पहिलीचा वर्ग घेतेस, असं आपल्या वर्गातल्या भिमानं सांगितलं.

आपण दोघींनी कॉम्प्युटरवर बनवलेला पत्त्यांचा खेळ अजून माझ्याकडे फ्लॉपीवर आहे. दोघींना सारखीच दहा पानं, मग दर फेरीला एक नवं पान उचलून आपापली गड्डी वाढवायची. गेल्या रविवारी क्लास रिकामा होता, म्हणून आईला खेळायला बसवलं. ती विहिरीचं पान टाकायची, आणखी दोन पानं घ्यायची आणि परत तीच खेळायची. तीन विहिरी जमवून तिनं माझी पाळीच येऊ दिली नाही. आधी खूप हसली. मग म्हणाली, "ही विहीर नुसती देतीच. घेत कायच न्हाय. आसली विहीर कुठं आसती व्हय गं?"



तू तेच म्हणायचीस. विहीर वापरली की हातातलं एक पान कायमचं सोडायचं, ही प्रोग्रॅममधली ओळ तूच लिहिलीस. बारामतीच्या प्रदर्शनात ती ओळ नव्हती. जो आधी विहीर उचलेल तो जिंकत होता. पोरं हसली. आपल्या कॉम्प्युटरच्या सरांनी विचारलं, "पानांचा तोल कुणी बघितला?" तू म्हणालीस, "मी, सर. चुकलं माझं." त्यानंतर तू कॉम्प्युटरला हात लावला नाहीस.

तुझं चुकलं नव्हतं, दिशा. आदल्या दिवशी ती ओळ मी काढली. तुझ्याशी सलग अकरा डाव हरले होते, आणि सगळे त्याला 'दिशाचा खेळ' म्हणायचे. मला एकदा जिंकायचं होतं. ओळ परत घालायची राहून गेली, असं दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले. राहून गेली नव्हती.

रविवारीच ती परत घातली. आता विहीर घ्यावी की नको, याचा आई किती वेळ विचार करते! वीस डावांत अकरा तिनं जिंकले, नऊ मी. हरतानाही मजा येते, हे मला आत्ता कळतंय.

सरांनाही आजच सगळं खरं लिहून पत्र टाकलंय. तुला खेळून बघावंसं वाटलं तर एखाद्या रविवारी ये. क्लासची किल्ली माझ्याकडेच असते. नाही आलीस तरी मी समजून घेईन.

'तुझी' असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
तेजश्री